सरकारी चाळी आणि भाडेकरूंचा अधिकार

मुंबईतील निवासटंचाईवर उपाय म्हणून गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या कारकीर्दीत १९२० साली विकास खाते स्थापन झाले. संकल्प ५०,००० खोल्यांचा होता. परंतु वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे २०७ चाळी, म्हणजे सुमारे १६,००० खोल्याच उभ्या राहिल्या. त्यांतीलही कित्येक प्रारंभी रिकाम्या होत्या. ज्यांचे मत विचारले गेले नाही, त्या कामगारांनी ते अशा रीतीने नोंदविले, असे म्हणता येईल. पुढे डागडुजी सरकारकडे राहिली. सामाईक नळ-संडासांची नित्य व्यवस्था मात्र रहिवाशांनी आपसांत लावली. २०१७ साली आरंभलेल्या पुनर्विकासात हेच भाडेकरू मालक ठरतात. ज्या देखभालीत त्यांना अधिकृत वाटा नव्हता, तिचा भार पुढे त्यांच्याच शिरी येणार आहे.