पायथनची नवी आवृत्ती : कधी घ्यावी, कधी थांबावे?

पायथन या प्रोग्रामिंग भाषेची नवी आवृत्ती दरवर्षी ऑक्टोबरमध्ये येते. २०२३ मध्ये ३.१२ आली, २०२४ मध्ये ३.१३. दर वेळी प्रश्न तोच : लगेच बदलायचे की चालू आहे ते चालू द्यायचे? नव्या सोयींची यादी पाहून हे ठरवू नये. आपल्या आवृत्तीची मुदत किती उरली आहे आणि आपण वापरतो त्या लायब्ररी नव्या आवृत्तीवर चालतात का, हे आधी पाहावे.

आवृत्तीचे आयुष्य

प्रत्येक आवृत्तीला साधारण पाच वर्षे मिळतात. पहिली दीड-दोन वर्षे सर्व प्रकारच्या चुका दुरुस्त होतात, नंतर फक्त सुरक्षेतील त्रुटी. ऑक्टोबर २०१९ मध्ये आलेल्या ३.८ ची मुदत ऑक्टोबर २०२४ मध्ये संपली. मुदत संपली तरी प्रोग्राम चालतच राहतो, म्हणून ते लक्षात येत नाही. मात्र त्यानंतर सापडलेली त्रुटी तशीच उघडी राहते.

घाई का नको?

नमपायसारख्या लायब्ररीचा काही भाग सी भाषेत असतो. तो नव्या आवृत्तीसाठी पुन्हा तयार करावा लागतो आणि त्याला वेळ लागू शकतो. शिवाय काही जुन्या गोष्टी काढून टाकल्या जातात. ३.१२ मधून 'डिस्टयुटिल्स' हे मॉड्यूल गेले आणि त्यावर अवलंबून असलेला कोड अडला. त्याची पूर्वसूचना ३.१० पासूनच मिळत होती.

उशीर का नको?

पायथन ३.० डिसेंबर २००८ मध्ये आले. पायथन २ मध्ये ७ भागिले २ चे उत्तर ३ येई, पायथन ३ मध्ये ३.५ येते. प्रोग्राम बंद पडला तर निदान कळते. इथे तो चालू राहून वेगळे उत्तर देतो. असे अनेक बदल एकदम करावे लागल्याने लोक थांबून राहिले. पायथन २ ची मुदत २०१५ वरून २०२० पर्यंत वाढवावी लागली. दरवर्षी थोडे बदलणे त्यापेक्षा सोपे.

कसे ठरवावे?

* फक्त तिसरा आकडा बदलला असेल (३.१२.१ वरून ३.१२.२) : लवकर घ्या. यात मुख्यतः दुरुस्त्या असतात.
* नव्याने शिकत असाल : सध्याची स्थिर आवृत्ती घ्या.
* रोजचे काम त्यावर चालत असेल : पहिल्या काही दुरुस्त्या येईपर्यंत थांबा आणि लायब्ररी तपासा.
* मुदत वर्षभरात संपत असेल : तयारी आताच सुरू करा.

एकाच संगणकावर दोन आवृत्त्या शेजारी-शेजारी राहू शकतात. त्यामुळे जुनी न काढता नवीवर चाचणी घ्या आणि दोन्हींची उत्तरे जुळवून पाहा. लिनक्सवर प्रणालीसोबत आलेले पायथन मात्र काढू नका. प्रणालीची काही साधने त्यावरच चालतात.