वकट, लेंड, मूंड आणि रिकामं मैदान

ज्यांना ऐकायला वेळ नाही, किंवा एसटीत बसल्यावर हेडफोन घरीच राहिल्याचं लक्षात येतं, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलताना जसं बोललो तसंच बरंचसं ठेवलंय.

मागच्या भागानंतर रोहिणखेडहून एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. वय असेल वीस-एकवीस. म्हणतो, "दादा, आमच्या रोहिणखेडच्या लढाईवर एक भाग करा ना." आणि मग जाता जाता, "आमच्या घरी चार वर्षांचा भाचा हाय, त्याले मोबाइल नाई देला तं जेवतच नाई. बाहेर खेळाले जा म्हटलं तं म्हन्ते, कोनासंगं खेळू?"

लढाईचं मी आधी सांगून टाकतो, कारण ते थोडक्यात होण्यासारखं आहे. रोहिणखेड बुलढाणा जिल्ह्यात, मोताळा तालुक्यात, घाटाच्या पायथ्याशी. वर बालाघाट, खाली पायनघाट, आणि खानदेशातून दख्खनमध्ये चढणाऱ्या फौजांना हा रस्ता सोयीचा. म्हणून या एवढ्याशा गावाचं नाव इतिहासात दोनदा मोठ्याने येतं. १४३७ मध्ये बहमनी सरदार खलफ हसन बसरी याने खानदेशच्या नासिर खानाला इथं हरवलं. पुढे १५९०-९१ च्या सुमारास अहमदनगरच्या गादीसाठी बुऱ्हाण निजामशहा आणि जमाल खान इथंच भिडले, त्यात जमाल खान मारला गेला. त्याआधी, १५८२ मध्ये, खुदावंत खानाने बांधलेली मशीद गावात आहे. झालं. लढायांवर सविस्तर भाग पुन्हा कधीतरी.

पण त्या भाच्याचा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. "कोनासंगं खेळू?" चार वर्षांच्या लेकराने इतका नेमका प्रश्न विचारावा! लढायांचा इतिहास आपल्याकडे लिहिलेला सापडतो. त्या गावातली लेकरं चारशे वर्षं काय खेळत होती, हे मात्र कुणा बखरकाराने लिहून ठेवलेलं नाही. ते दुसरीकडेच शोधावं लागतं.

एक जागा तर तुमच्या तोंडातच आहे. विटीदांडू खेळलेल्या घरातल्या कुणालाही, आजोबांना विचारा, मोजणी कशी करायचे? ते म्हणतील वकट, लेंड, मूंड, नाल… पुढचे शब्द गावागणिक बदलतात, पण हे चार बहुतेक ठिकाणी भेटतात. आता तेलुगू अंक म्हणून बघा: ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु. जुळलं ना? भाषेचे अभ्यासक या मोजणीचा संबंध दक्षिणेकडच्या भाषांशी जोडतात तो असा. म्हणजे मराठी मुलगा बाजारात एक, दोन, तीन मोजणार, शाळेत एक, दोन, तीन लिहिणार, आणि विटी हाणली की शेजारच्या भाषेत मोजणार. हे त्याला कुणी शिकवलेलं नाही, म्हणजे कुणा मास्तरने नाही. दहा वर्षांच्या पोराने सात वर्षांच्याला शिकवलं, तो मोठा झाल्यावर त्याने पुढच्याला. पोरांनी पोरांना दिलेला हा वारसा आहे आणि त्याला कधीही सरकारी अनुदान नव्हतं.

दुसरी जागा म्हणजे संतांचे अभंग. तुकारामांच्या गाथेत विटीदांडू, चेंडूफळी, हुतूतू, हमामा, फुगडी अशा खेळांवरचे अभंग आहेत. एकनाथांच्या भारुडातही खेळ येतात. त्यांना अर्थातच परमार्थ सांगायचा होता. पण रूपक कामाला येतं ते ऐकणाऱ्याला खेळ माहीत असेल तरच. सतराव्या शतकातल्या कीर्तनाला बसलेल्या माणसाला हमामा म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नव्हतं. आज मला सांगावं लागेल, आणि खरं सांगायचं तर आपल्यापैकी बहुतेकांनी तो खेळलेला नाही.

आता तिसरी गोष्ट, माझी सगळ्यात आवडती. 'कच्चा लिंबू' किंवा 'लिंबूटिंबू'. लहानपणी तुम्हीही असाल. मोठ्यांच्या खेळात धाकटा भाऊ किंवा बहीण रडत आली की तिला घ्यायचं, पण तिच्यावर राज्य द्यायचं नाही. ती पळणार, ओरडणार, तिला शिवलं तरी ती बाद नाही. वरवर पाहिलं तर ही रडणाऱ्याची समजूत घालण्याची युक्ती. पण विचार करा, तीन-चार वर्षांचं लेकरू तासभर पळतंय, उड्या मारतंय, वाकतंय, पडतंय, नियम बघतंय, आणि हे सगळं मोठ्या पोरांच्या नजरेखाली. आईला शेतातून परत यायला उशीर झाला तरी चालतं. शिशुवर्गातल्या शिक्षणाची अख्खी यंत्रणा दोन शब्दांत बसवली होती आपल्या लोकांनी.

मुलींचं वेगळं सांगितलं पाहिजे. वऱ्हाडात आणि खानदेशात भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाई बसते. महिनाभर रोज संध्याकाळी घरोघर जाऊन टिपऱ्या, गाणी, आणि शेवटी झाकलेला खाऊ ओळखायचा. धार्मिक म्हणा, सांस्कृतिक म्हणा, मला त्यात दिसतो तो मुलींनी मिळवलेला घराबाहेरचा वेळ. मुलांना खेळायला कारण लागत नव्हतं, मुलींना सणाचं कारण लागायचं. म्हणून सण मागे पडले तेव्हा मुलांच्या आधी मुलींचा खेळ गेला.

मग विसाव्या शतकात खेळाला संस्था मिळाल्या. वऱ्हाडातली सगळ्यात मोठी तर अमरावतीची. १९१४ मध्ये अंबादासपंत वैद्य आणि अनंत वैद्य या भावांनी हनुमान आखाडा सुरू केला, त्याचंच पुढे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झालं. हुतात्मा राजगुरू इथं व्यायामाचं शिक्षण घेऊन गेले. १९३६ मध्ये मंडळाची तुकडी बर्लिनला ऑलिम्पिकच्या निमित्ताने गेली आणि तिथं हुतूतूसारख्या देशी खेळांची प्रात्यक्षिकं करून आली. विचार करा, अमरावतीची पोरं, बोटीचा प्रवास, आणि हिटलरच्या जर्मनीत हुतूतू. यावर सिनेमा कसा निघाला नाही, मला कळत नाही. तिकडे पुण्यात खो-खोला लिखित नियम मिळाले, बडोद्यात मुजुमदारांनी व्यायाम ज्ञानकोशाचे १० खंड काढले. त्याच खो-खोचा पहिला विश्वचषक जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झाला आणि भारताच्या दोन्ही संघांनी तो जिंकला. प्रतीक वाईकर आणि प्रियंका इंगळे, दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. तुमच्यापैकी अनेकांनी त्याची रील बघितली असेल.

हे सगळं अभिमानाचं आहेच. पण एक गोष्ट निसटली. आखाड्यात जायला वय लागतं. संघात यायला कसब लागतं. नियम झाले, वेळ मोजायला माणूस आला, मैदानावर चुन्याच्या रेघा आल्या, आणि कच्च्या लिंबूला त्या रेघांच्या आत जागा राहिली नाही. चार वर्षांच्या लेकराचा विचार कुणी केला?

केला एका बाईने, आणि ती काही वर्षं अमरावतीतच राहत होती. ताराबाई मोडक. जन्म १८९२. नवरा अमरावतीला वकील, त्यामुळे लग्नानंतरचा काळ तिथं. तो संसार टिकला नाही. ताराबाई गुजरातेत गेल्या, आधी राजकोटला आणि मग भावनगरला गिजुभाई बधेकांसोबत. १९२६ मध्ये या दोघांच्या पुढाकाराने नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. मॉन्टेसरीची पद्धत त्यांनी घेतली, पण एक अडचण होती. मॉन्टेसरीची साधनं महाग, आणि ती परवडणारी शाळा शहरातल्या खात्यापित्या घरांची.

१९४५ मध्ये ताराबाईंनी बोर्डीला, म्हणजे आजच्या पालघर जिल्ह्यात, ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं. अनुताई वाघ त्यांना तिथं येऊन मिळाल्या. बालवाडी उघडली, पण गरिबांच्या वस्तीतली मुलं तिकडे येईनात. यावर दोन मार्ग असतात. एक, "या लोकांना शिक्षणाचं महत्त्वच कळत नाही" असं म्हणून चहा प्यायचा. दुसरा या बायकांनी घेतला. मुलं येत नाहीत ना, मग शाळा उचलून त्यांच्या अंगणात न्यायची. अंगणात भरते म्हणून अंगणवाडी. विकत आणलेल्या साधनांच्या जागी शंख-शिंपले, बिया, पानं, खडे. पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं तेव्हा आणखी एक कोडं समोर आलं: वारली घरातली मुलं गुरं राखायला जात, अंगणातही सापडत नसत. मग कुरणशाळा. गुरं जिथं चरतात तिथं शिक्षक जाणार. १९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळालं, १९७३ मध्ये त्या गेल्या. आणि २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू केली. तिच्या केंद्राला नाव मिळालं अंगणवाडी. आज देशभर, मराठी न येणाऱ्या राज्यांतही, हा शब्द चालतो.

नाव राहिलं. अंगणाचं काय झालं? तुमच्या गावची अंगणवाडी डोळ्यांपुढे आणा. एक खोली, भिंतीवर अ आ इ आणि आंबा, कोपऱ्यात पोषण आहाराची पोती. ताई एका हाताने खिचडी बघतात, दुसऱ्या हाताने मोबाइलवर वजन-उंची भरतात, आणि मधूनच कुठला तरी सर्व्हे येतो. मी ताईंना दोष देणार नाही, त्यांच्या मानधनात आणि कामाच्या यादीत मेळच नाही. पण खोलीत बसवलेल्या लेकराला आपण अंगणवाडीत गेलेलं लेकरू म्हणतो, हे ताराबाईंना पटलं नसतं.

अंगण फक्त अंगणवाडीचंच आटलं असं नाही. हंगाम संपला की खळं रिकामं व्हायचं आणि सारवलेली, खडा नसलेली ती जमीन पोरांची व्हायची. मळणीयंत्र आलं, खळी गेली. गुरं चरायची जमीन, जिला आपल्याकडे ई-क्लास म्हणतात, तिच्यावर कुठं अतिक्रमण, कुठं कचऱ्याचे ढीग. गल्लीत सिमेंटचा रस्ता झाला आणि त्यावरून मोटरसायकली सुसाट जाऊ लागल्या. आईने लेकराला आत बोलावलं तर तिचं काय चुकलं?

जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिल २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. तीन-चार वर्षांच्या मुलाने दिवसात किमान १८० मिनिटं हालचाल करावी, त्यातली निदान ६० मिनिटं दम लागेल अशी. बसून स्क्रीन बघणं जास्तीत जास्त १ तास, त्याहून कमी असेल तर चांगलंच. एक वर्षाच्या बाळाला तर स्क्रीन नकोच. १८० मिनिटं म्हणजे तीन तास. ऐकायला फार वाटतं, पण कच्चा लिंबू हे तीन तास न मोजता करत होता.

आता मी त्या रोहिणखेडच्या मित्राला जे कळवलं ते तुम्हालाही सांगतो. भाचा विचारतो, "कोनासंगं खेळू?" त्याचा अर्थ, त्याला चार वर्षांचे सवंगडी कमी आहेत असा मी घेत नाही. त्याच्यापुढची साखळी तुटली आहे. दहा वर्षांचा ट्यूशनला, पंधरा वर्षांचा गेममध्ये, आणि वीस वर्षांचा, म्हणजे तू आणि मी, पॉडकास्ट ऐकत पारावर बसलेला. विटीदांडूची मोजणी त्याला शिकवणार कोण?

महाराष्ट्रात ग्रामसभा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला होते, हे तुम्हाला माहीत असेल. तिथं घरकुल, रस्ता, पाणी यावर भांडणं होतात, ती व्हायलाच पाहिजेत. पण गावच्या पोरांनी उठून "अंगणवाडीसमोरची जागा साफ करून, कुंपण घालून लहान लेकरांना द्या" असं म्हटल्याचं मी तरी कुठल्या ग्रामसभेत ऐकलं नाही. त्याला फार पैसा लागत नाही. सावलीचं एक झाड, खडे वेचलेली जमीन, गाड्या आत येणार नाहीत एवढी आडवी बल्ली. आणि संध्याकाळी पाचला तिथं येऊन लंगडी नाहीतर डोंगर-पाणी सुरू करून देणारी दोन मोठी पोरं, आणि दोन मोठ्या पोरी. पोरी असतील तरच आया आपल्या मुलींना पाठवतील, हे विसरू नका.

त्या मित्राचं उत्तर काल आलं. म्हणतो, "दादा, वकट-लेंड-मूंड-नाल आमच्या आजोबाले येते. पुढचं ते येगळंच काहीतरी म्हन्तात." मी त्याला सांगितलंय, आजोबांच्या आवाजात रेकॉर्ड कर आणि पाठव, भाचा सोबत असला तर उत्तमच. तुमच्याही गावची मोजणी पाठवा, सोबत गावाचं आणि तालुक्याचं नाव. पुढच्या भागात सगळे आवाज एकापाठोपाठ लावू, आणि मग ठरल्याप्रमाणे लोणार.