सहासष्ट कुळे आणि एक ठाकूरवाडी

इतिहासावर बोलण्याचा परवाना आम्हांला कोणत्याही विद्यापीठाने दिलेला नाही. आमचे अर्धे शिक्षण कारखान्याच्या दारात झाले आणि अर्धे वाचनालयाच्या बाकावर. ठाण्यात १८९३ साली ज्यांनी मराठी ग्रंथसंग्रहालय काढले, त्यांना कल्पनाही नसेल की शंभर वर्षांनंतर कोणी कामगार पहिली पाळी संपवून, हाताचे तेल नीट न धुताच तेथे बखरी चाळीत बसेल. तेव्हा विद्वानांच्या व्याख्यानमालेत आमच्यासारख्याला बोलावले, याचे ऋण प्रथम मान्य करतो आणि विषयाला हात घालतो.

विषय साधा आहे. ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यात कोणालाही विचारा, “तुमचे मूळ गाव कोणते?” उत्तर येते सातारा, रत्नागिरी, जळगाव, जौनपूर. १८५३ च्या १६ एप्रिलला बोरीबंदरहून गाडी ठाण्याला आली, पुढच्या वर्षी कल्याणला पोचली, आणि तेव्हापासून माणसांचा लोंढा थांबलेला नाही. मग येथले मूळचे कोण? आणि आपण मूळचे आहोत हे सिद्ध करायचे तर कोणत्या कागदाने? हा प्रश्न हौसेचा नाही. त्यावर लोकांची पोटे आणि पोरांची शिक्षणे अवलंबून असतात. ते कसे, हे शेवटी सांगू.

अमेरिकेत या शोधाचे मोठे वेड आहे. १६२० साली ‘मेफ्लॉवर’ नावाच्या जहाजातून १०२ उतारू तेथल्या किनाऱ्याला लागले. पहिल्याच हिवाळ्यात त्यांतले निम्मे मेले. उरलेल्यांच्या वंशजांनी १८९७ साली आपली संस्था काढली. त्या संस्थेत शिरायचे तर पिढीमागून पिढी जन्म, विवाह, मृत्यू यांचे पुरावे मांडावे लागतात. नुसते ‘आमचे आजोबा सांगत’ चालत नाही. शिस्त चांगली. पण जेथे मान असतो तेथे बाजारही भरतो. गुस्ताव आंजू नावाच्या एका गृहस्थाने विसाव्या शतकाच्या आरंभी श्रीमंत घराण्यांना पैसे घेऊन बनावट वंशावळी करून दिल्या. त्यांतल्या काही अनेक वर्षे खऱ्या म्हणून वाचल्या गेल्या. आणि मुख्य गोष्ट अशी की, ते १०२ उतारू उतरले त्या किनाऱ्यावर वाम्पानोआग लोक आधीपासून शेती करीत होते. वंशावळीचा पहिला कागद जहाजाच्या यादीपासून सुरू झाला, म्हणून इतिहासही तेथूनच सुरू झाला असे पुष्कळांना वाटू लागले.

आता आपल्या किनाऱ्याकडे येऊ. आपल्याकडेही अशी एक यादी आहे. ती ‘महिकावतीच्या बखरी’त आहे. इतिहासाचार्य राजवाड्यांनी ही बखर १९२४ साली छापून प्रसिद्ध केली. तीत सांगितले आहे की, शके १०६० मध्ये, म्हणजे ११३८ च्या सुमारास, प्रतापबिंब नावाचा राजा उत्तरेकडून कोकणात उतरला, त्याने महिकावती म्हणजे माहीम येथे राजधानी केली, आणि वसाहतीसाठी सहासष्ट कुळे आणली. परंपरेने त्यांची वाटणीही सांगितली आहे: सत्तावीस सोमवंशी, बारा सूर्यवंशी, नऊ शेषवंशी, राहिलेल्यांत पांचाळ, कुणबी, लाड, मोढ वगैरे. आजही ठाणे, वसई, मुंबई या भागांतील कित्येक घराणी आपले मूळ त्या सहासष्टांत दाखवितात.

बखर वाचताना आम्हांला आमच्या धंद्याची सवय आडवी आली. तक्रारीचा कागद हाती आला की आम्ही पहिला प्रश्न विचारतो: हा लिहिला कधी, कोणी, आणि कशासाठी? बखरीतला जुना भाग केशवाचार्याने शके १३७० मध्ये, म्हणजे १४४८ साली रचला. घटनेनंतर तीनशे वर्षांनी! मालाडचा देसला नायकोराव हा त्यामागचा कर्ता पुरुष. मधल्या काळात राज्ये बुडाली होती, सत्ता मुसलमान सुलतानांकडे गेली होती, कुळाचार विसरले जाऊ लागले होते, आणि कोणाचे कूळ कोणते याविषयी गोंधळ माजला होता. तो मिटवून ‘महाराष्ट्रधर्म’ राखावा, या हेतूने ही वंशावळ मांडली गेली. म्हणजे पाहा, वंशावळ सुबत्तेच्या दिवसांत लिहिली जात नाही. जेव्हा हक्क हातचे जाऊ लागतात, तेव्हा माणूस पूर्वजांची नावे मोजू लागतो.

दुसरा प्रश्न: दुसरा साक्षीदार काय म्हणतो? दगड हा बखरीपेक्षा कमी बोलतो, पण तो त्याच काळचा असतो. बाराव्या शतकाच्या दुसऱ्या पावात उत्तर कोकणावर शिलाहार राजा अपरादित्य राज्य करीत होता. भिवंडीजवळ लोनाड परिसरात चौधरपाड्याला जो शिलालेख मिळाला, तो शिलाहार केशिदेवाचा, शके ११६१ चा. म्हणजे बिंबाच्या सांगितलेल्या आगमनानंतर शंभर वर्षांनीही कल्याण-भिवंडीच्या दारात शिलाहारच दाने देत होते. मग बखर खोटी काय? तसे आम्ही म्हणत नाही. बखरीत पुढे देवगिरीच्या यादव घराण्यातील बिंबदेवाचीही हकीकत येते. तेराव्या शतकाच्या अखेरीस देवगिरीवर संकट आले, तेव्हा माणसे घाट उतरून खाली आली असणे अगदी संभवनीय आहे. दोन बिंबांच्या आठवणी एकमेकींत मिसळल्या, आणि दोनदा आलेली माणसे एकाच यादीत बसली, असे दिसते. माणसे आली हे खरे. साल आणि संख्या तपासून घ्यावी, एवढेच.

असाच एक वृत्तान्त बेने इस्रायल समाजाचा. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला जहाज फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, आणि त्यांच्यापासून सारा समाज वाढला, अशी त्यांची परंपरा. किती शतकांपूर्वी, यावर विद्वानांत एकमत नाही. पण त्यांची आडनावे पाहा: नवगावकर, दिवेकर, किहीमकर. प्रत्येक आडनाव म्हणजे एक गाव, आणि सगळी गावे जोडली की कुलाब्याचा किनारा उभा राहतो. तेल गाळण्याचा धंदा आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. मुंबईच्या गिरणी कामगारांना आठवड्याची सुटी मिळायला नारायण मेघाजी लोखंड्यांना झगडावे लागले आणि १८९० साल उजाडावे लागले. या तेल्यांनी ती धर्माच्या बळावर कधीच घेऊन ठेवली होती! ठाण्यात त्यांचे प्रार्थनामंदिर १८७९ पासून उभे आहे. तेव्हा ज्यांच्याजवळ बखर नाही, त्यांचा इतिहास त्यांच्या आडनावात आणि धंद्यात असतो, हे आम्ही यांच्यापासून शिकलो.

आणि ज्यांना आडनावही नव्हते, त्यांचे काय?

पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या युनियनचा एक सभासद, मुरबाडच्या बाजूच्या ठाकूरवाडीतला, डोंबिवलीच्या एका कारखान्यात काम करी. त्याच्या मुलीला राखीव जागेवर शिक्षणाला प्रवेश मिळाला होता. पण जातीच्या दाखल्याची पडताळणी व्हायला हवी होती. महाराष्ट्राच्या २००० च्या कायद्याने ती आवश्यक आहे. अनुसूचित जमातीच्या माणसाचा पुरावा ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा असेल तर त्याला वजन. आणि वंशावळ वडिलांच्या बाजूची. एका कार्यालयाने कागद परत केले: शेरा असा की पणजोबापासून संबंध जुळत नाही. सभासद आम्हांला म्हणाला, “साहेब, डोंगर आमचा, जंगल आमचे, आणि आम्ही ठाकूर हे आम्हांलाच सिद्ध करायला सांगतात!”

आम्ही त्याच्याबरोबर निघालो. तहसिलीच्या अभिलेख कक्षात जन्ममृत्यूचे जुने बुक असते, त्याला लोक कोतवाल बुक म्हणतात. अक्षर मोडी, पाने वाळवीने खाल्लेली. मोडी वाचणारे एक निवृत्त गुरुजी आम्ही सोबत नेले. दोन दिवस गेले, आजोबाचे नाव काही सापडेना. कारण सोपे होते, ते आमच्या उशिरा ध्यानात आले. त्या बुकात जन्माला आलेल्या पोराचे नाव पुष्कळदा लिहीतच नसत. बापाचे नाव, जात, आणि पुढे नुसते ‘मुलगा’. आता दहा ‘मुलग्यां’तून आपला कोणता, हे कसे ओळखावे?

ते ओळखले सभासदाच्या आत्याने. सत्तरीची बाई, लग्न होऊन डोंगरापलीकडच्या वाडीत गेलेली. तिला आम्ही सहज विचारले, “मावशी, तुमचे वडील कोणत्या सालचे?” ती म्हणाली, “साल मला काय ठावं? बाप मानमोडीतला. तो पोटात असताना आजीची जाव त्या साथीत गेली.” मानमोडी म्हणजे १९१८ चा इन्फ्लुएन्झा. गुरुजींनी १९१८ चे बुक काढले. मृत्यूच्या पानांवर त्या वाडीतली माणसे ओळीने गेलेली. त्यांत पणजोबाच्या भावाची बायको सापडली, आणि दीड महिन्याने जन्माच्या पानावर पणजोबाच्या नावापुढे ‘मुलगा’, जात ठाकूर. पुढे पणजोबा वारला तेव्हाचा वारसाचा फेरफार मिळाला, त्यात त्या ‘मुलग्या’ला नाव होते. साखळी जुळली. मुलीला दाखला मिळाला.

श्रोतेहो, त्या दिवशी घरी येताना गाडीत एक गोष्ट आमच्या मनाला लागून राहिली. जी वंशावळ आम्ही प्रतिज्ञापत्रावर लिहिली, तीत त्या आत्याचे नाव कोठेच नव्हते. पणजोबा, आजोबा, बाप, मुलगी, अशी ओळ. ज्या स्मरणावर सगळी इमारत उभी राहिली, ते स्मरण एका बाईचे, आणि तिला एका बाईनेच दिलेले. पण कागदाला तिची गरज नाही. सहासष्ट कुळांच्या यादीतही पुरुषांचीच कुळे आहेत. फक्त बेने इस्रायलांच्या कथेत सात पुरुषांबरोबर सात स्त्रिया मोजल्या आहेत, हे त्या कथेचे मोठेपण.

यातून आम्ही आमच्यापुरते दोन नियम केले आहेत. पहिला: कागदावाचून आठवण अडते, आणि आठवणीवाचून कागद मुका राहतो, म्हणून दोन्ही एकत्र बसवावीत. दुसरा: जो आधी लिहिला गेला तो आधी आला, असे समजू नये. कोळी, आगरी, वारली, ठाकूर, कातकरी यांच्यापैकी कित्येकांचे पूर्वज कोणत्याही यादीच्या आधी येथे राबत असतील. त्यांच्यासाठी वंशावळ लिहिणारा आचार्य कोणी बोलावला नाही.

तरी एक दगड आहे. कान्हेरीच्या लेण्यांत सुमारे अठरा शतकांपूर्वीचे दानलेख आहेत. राजे आणि व्यापारी यांच्याबरोबर तेथे कल्याणचा एक सोनार आहे, आणि कल्याणचा एक लोहार आहे. लोहाराने आपला वंश सांगितलेला नाही. आपले नाव सांगितले, गाव सांगितले आणि धंदा सांगितला. आज कल्याणच्या फलाटावर हातात डबा घेऊन उभा असलेला कामगार त्या लोहाराच्या वंशातला आहे की नाही, हे कोणी सिद्ध करू शकणार नाही. पण नाव, गाव आणि धंदा एवढे तरी आपल्या प्रत्येकाला लिहून ठेवता येईल. घरी जाल तेव्हा एक वही घ्या, घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईजवळ बसा, आणि तिला विचारा. पहिले नाव तिचे लिहा.