बारा मोटांचे पाणी

सातारा शहराच्या उत्तरेस, कृष्णेच्या खोऱ्यात, लिंब नावाचे गाव आहे. तेथील शेरीत, म्हणजे सरकारच्या खास मालकीच्या जमिनीत, शके १६४१ ते १६४६ (इ. स. १७१९ ते १७२४) या काळात छत्रपती शाहू महाराजांच्या राजपरिवारातील वीरूबाई भोसले यांनी एक विहीर बांधविली. अष्टकोनी, सुमारे ११० फूट खोल, ५० फूट रुंद, आणि पोटात एक छोटासा महाल. पाहुणे येतात ते या महालासाठी. विहिरीचे नाव मात्र महालावरून पडलेले नाही. लोक तिला बारा मोटेची विहीर म्हणतात, आणि लोकांचे बरोबर आहे. परंपरेनुसार ती खोदली गेली ती आमराई भिजवण्यासाठी.

मोट ही चामड्याची मोठी पखाल. खालच्या अंगाला तिला हत्तीसारखी सोंड. उतरत्या धावेवरून बैल खाली चालले की नाडा ताणला जाऊन मोट वर येई, सोंड थारोळ्यात मोकळी होई आणि पाणी पाटाला लागे. मग तेच बैल उलट पावली मागे येत. एका मोटेस एकच जोडी धरली, तरी बारा मोटांना चोवीस बैल होतात. (वृत्तपत्रांत विरोधी पक्षांची ‘मोट बांधली’ जाते, ती मोट गाठोड्याची, तिचा पाण्याशी संबंध नाही.)

दगड तीनशे वर्षे टिकला, चामडे टिकत नाही. मोट फाटे, नाडा झिजे. त्यामुळे अशी विहीर एकदा बांधून चालत नसे. तिला राबणारे हात कायम लागत. मेलेले जनावर ओढून नेणारा महार, कातडे कमावणारा ढोर, मोट शिवणारा चांभार, नाडा वळणारा मांग. त्रिं. ना. आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथामुळे बलुत्यांची ही व्यवस्था मराठी वाचकाला परिचित आहे. तिच्यातली विसंगती आपण पुरेशा गांभीर्याने घेतलेली नाही. शेताला मिळणारा थेंब न् थेंब यांनी कमावलेल्या, शिवलेल्या चामड्यातून जाई. त्याने पीक बाटत नसे. पिण्याच्या पाणवठ्यावर मात्र याच माणसांच्या स्पर्शाने पाणी बाटे.

ही गोष्ट याच जिल्ह्यात घडलेल्या एका प्रवासात उघडी पडते. १९०१ साली साताऱ्यात राहणारा बालक भीमराव भाऊ आणि भाच्यांसह मसूर स्थानकावर उतरला. वडील खटाव तालुक्यात, दुष्काळी कामावर खोदल्या जाणाऱ्या तलावावर, खजिनदार होते. मुलांना बैलगाडी मिळाली ती दुप्पट भाडे देऊन. पाणी वाटेत कोणी दिले नाही. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत डॉ. आंबेडकरांनी हा प्रसंग लिहून ठेवला आहे. बाप तलावाच्या कामावर आणि मुले रात्रभर तहानलेली: शेतीच्या वारशाचे कोणतेही वर्णन या प्रवासाला वगळून पुरे होऊ नये, असे मला वाटते.

मोटेचा शेवटही याच परिसरात घडत गेला. १९१० साली औंधच्या प्रतिनिधींनी कुंडलजवळची जमीन दिली आणि लक्ष्मणराव किर्लोस्करांनी तेथे कारखाना वसवला. (हा भाग तेव्हा औंध संस्थानात होता, पुढे १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा झाला, १९६० मध्ये त्यालाच सांगली नाव मिळाले.) लोखंडी नांगराने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती, ती हळूहळू गेली. नांगरापाठोपाठ पंप आले. साहित्याच्या अभ्यासकाला किर्लोस्करवाडी आठवते ती १९२० साली तेथून सुरू झालेल्या ‘किर्लोस्कर खबर’मुळे, पण त्या गावाने मराठीला एक मासिक दिले, तसे काही शब्द तिच्याकडून नेलेही. इंजिन आले, मग वीज आली, आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात धाव, नाडा, सोंड हे शब्द मोटेच्या अर्थाने बोलण्यातून सरत गेले. थारोळे तेवढे उरले आहे. विद्यार्थ्यांना त्याचा अर्थ विचारावा. ते रक्ताचे थारोळे सांगतात, पाण्याचे नाही.