घर्षणानें झांकलेला नियम

ढकलणें थांबलें कीं गाडा थांबतो. म्हणून गतीला सतत प्रेरणा हवी, असें ॲरिस्टॉटलनें ठरविलें आणि शतकानुशतकें विद्वानांनीं तेंच मानलें.

गॅलिलिओनें दोष वाटेला दिला. उतारावरून सुटलेला गोळा समोरच्या चढावर जवळजवळ मूळच्या उंचीइतका चढतो. चढ जितका सौम्य, तितका तो दूर जातो. मग चढ नाहीं, घर्षणहि नाहीं, तर त्यानें थांबावें कां? नजरकैदेंतील या वृद्धाच्या ग्रंथांस इटलींत बंदी होती; हा विचार १६३८ सालीं हॉलंडांत छापला गेला.

१६८७ सालीं न्यूटननें त्याचा नियम केला : बल लागतें तें गति बदलण्यासाठीं, राखण्यासाठीं नव्हे. पूर्णपणें घर्षणरहित पृष्ठभाग पृथ्वीवर कोणासहि सांपडला नाहीं. अवकाशांत मात्र १९७७ सालीं निघालेलीं व्हॉयेजर यानें ढकलणाऱ्या एंजिनावांचून आजहि पुढें चाललीं आहेत.