अर्ध्या दिवसाची मुंबई

मुंबई पाहायला आलेल्या माणसाला अर्ध्या दिवसात मुंबई दाखविण्याची एक ठरलेली पद्धत आहे. गेटवे, ताज, म्युझियम, काळा घोडा, फ्लोरा फाउंटन, हायकोर्ट, बोरीबंदर, मरीन ड्राइव्ह, मलबार हिलवरची बाग, मणिभवन आणि परतताना महालक्ष्मीच्या पुलावरून धोबीघाट. बस कुणाचीही असो, क्रम थोडा मागेपुढे होतो, यादी मात्र तीच राहते. ही यादी कुणी केली, असा प्रश्न सहसा कुणी विचारीत नाही. इतिहास शिकविणाऱ्याने तो विचारला पाहिजे.

ही यादी आजची नव्हे. बोटीने मुंबईत उतरायचे आणि आगगाडी धरून पुढे जायचे, मध्ये काही तास मोकळे मिळायचे, अशा गोऱ्या प्रवाशासाठी एकोणिसाव्या शतकात मरेची हँडबुके निघाली. त्या प्रवाशाला काय दिसावे आणि काय दिसू नये हे त्या पुस्तकांनी ठरविले. सत्तेने बांधलेल्या इमारती त्याला दाखवायच्या, आणि सत्ता जिच्यावर उभी होती ती माणसे 'देशी लोकांची गंमत' म्हणून लांबून दाखवायची. आपल्या मराठीत गोविंद नारायण माडगावकरांनी १८६३ मध्ये 'मुंबईचे वर्णन' लिहिले, १८८९ मध्ये आचार्य आणि शिंगणे यांचा 'मुंबईचा वृत्तांत' आला. तरीही सहलीच्या बसने माडगावकर उचलले नाहीत, मरे उचलला. साहेब गेला, त्याची यादी मागे राहिली.

पदवी वर्गाच्या विद्यार्थ्यांबरोबर मी ही सहल दोनदा केली आहे. मुले तालुक्याच्या गावची, बहुतेकांनी समुद्र पहिल्यांदाच पाहिलेला. दोन्ही वेळा गाईड निराळे होते, पण त्यांची वाक्ये जवळजवळ सारखीच होती. पंचम जॉर्ज १९११ मध्ये आला, त्याच्या स्मरणार्थ ही कमान. विटेट या स्थापत्यकाराचा आराखडा. १९२४ मध्ये व्हाइसरॉय रीडिंगने उद्घाटन केले. १९४८ च्या फेब्रुवारीत शेवटची ब्रिटिश पलटण इथूनच गेली. सगळे खरे आहे. मुलांनी वह्यांत लिहूनही घेतले. राजा आला आणि सैन्य गेले, यांच्या मधल्या काळात या किनाऱ्यावर कोण उतरले, हे त्या वाक्यांत नव्हते.

आता बस गेटवेवरून निघून रीगलच्या चौकात येते. तिथे सिग्नलला थांबते. गाईड उजवीकडे म्युझियमचा घुमट दाखवितो. त्याच चौकात एक जुनी दगडी इमारत आहे. आज तिथे महाराष्ट्र पोलिसांचे मुख्यालय आहे. मुळात ती खलाशांच्या विश्रामासाठी बांधली गेली आणि १९२८ मध्ये मुंबई सरकारने कायदेमंडळासाठी घेतली. नरिमन पॉइंटला नवे विधानभवन होईपर्यंत या प्रांताचे आणि पुढे राज्याचे कायदे तिथे होत होते. जुन्या माणसांच्या तोंडी तो 'कौन्सिल हॉल'. दोन्ही खेपेला त्या इमारतीबद्दल आमच्या बसमध्ये एक अक्षरही बोलले गेले नाही.

१९३८ च्या जानेवारीत या कौन्सिल हॉलवर शेतकऱ्यांचा मोर्चा आला होता. वीस-पंचवीस हजार माणसे होती असे सांगतात. त्यांत कोकणातून आलेली कुळे होती, खोतांनी नाडलेली. कुणबी होते, महार होते. ज्या गावात एकाच्या पाणवठ्यावर दुसऱ्याला पाय ठेवता येत नव्हता, त्या गावातून ते एका मागणीसाठी एकत्र निघाले होते. स्वतंत्र मजूर पक्षाचे नेते म्हणून बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले होते. ते पुढे सरकत नव्हते, म्हणून हा मोर्चा. कम्युनिस्ट कार्यकर्तेही त्यात होते. शिष्टमंडळ मुख्यमंत्री बाळ गंगाधर खेरांना भेटले. काँग्रेसच्या त्या सरकारने विधेयक मंजूर होऊ दिले नाही. खोती कायद्याने गेली ती १९४९ मध्ये. जात ओलांडून कुळे एकत्र आल्याचा हा प्रसंग मुंबईच्या इतिहासात पंचम जॉर्जच्या दोन-चार दिवसांच्या मुक्कामापेक्षा लहान कसा ठरतो? राजाने काय केले? तो उतरला. त्याच्यासाठी कमान झाली.

कमान पाडा असे मी म्हणत नाही. वास्तू सुंदर आहे, मुलांनी तिच्यासमोर फोटो काढले, मीही काढला.

पुढे काळा घोडा. सातवा एडवर्ड युवराज असताना अल्बर्ट ससूनने त्याचा घोड्यावरचा पुतळा १८७९ मध्ये शहराला दिला. १९६५ मध्ये तो हलविला गेला, हल्ली भायखळ्याच्या राणीच्या बागेत आहे. २०१७ मध्ये त्या जागेजवळ स्वाराशिवायचा नवा घोडा बसविला. गाईड हे सारे रंगवून सांगतो, आणि ते सांगताना त्याची पाठ एल्फिन्स्टन कॉलेजकडे असते. या कॉलेजात भीमराव रामजी आंबेडकर बडोद्याच्या सयाजीरावांच्या पंचवीस रुपये शिष्यवृत्तीवर शिकले. खानावळीचा चालक त्यांना चहा किंवा पाणी देत नसे. याच कॉलेजात प्रा. म्युलरांनी त्यांना पुस्तके दिली, कपडे दिले. एकाच आवारात दोन प्रकारची माणसे होती, आणि त्यांच्यामधून वाट काढीत एक विद्यार्थी पदवीधर झाला. ज्या मुलांच्या घरात त्यांच्यापूर्वी कुणी कॉलेजची पायरी चढलेले नाही, अशी निम्मी मुले आमच्या बसमध्ये होती. त्यांना घोडा दाखविला गेला. माझ्या घरातही माझ्याआधी कुणी पदवी घेतलेली नाही, म्हणून हे मला जास्त लागते, हे मान्य करतो.

म्युझियममध्ये सिंधमधल्या मीरपूरखासच्या स्तूपातील भाजलेल्या मातीच्या बुद्धमूर्ती आहेत. बहुतेक सहलींत तिथे तासभर मिळतो. मूर्ती अप्रतिम आहेत. पण तिथून बोरीबंदराकडे जाताना दादाभाई नौरोजी रस्त्यावर बुद्धभवन आणि आनंदभवन लागतात, तिथे बस वेग कमी करीत नाही. पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे सिद्धार्थ कॉलेज २० जून १९४६ रोजी सुरू झाले, आधी लष्कराच्या बराकींत, मग या इमारतींत. नोकरी करून शिकणाऱ्यांसाठी सकाळचे वर्ग, ही तिथली ओळख. कपाटातला बुद्ध पाहण्याजोगा, आणि ज्याच्या नावाने गिरणी कामगाराचा आणि शिपायाचा मुलगा वकील झाला तो बुद्ध मात्र पाहण्याजोगा नाही, अशी ही विभागणी आहे.

हायकोर्टापाशी गाईड गॉथिक शैली सांगतो. या इमारतीत १७ मार्च १९३७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचा निकाल लागला. सवर्ण वादींचे अपील फेटाळले गेले. बोल्यांचा ठराव १९२३ चा, तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले ते २० मार्च १९२७ रोजी, आणि ते पाणी आमचेही आहे हे न्यायासनाने सांगायला आणखी दहा वर्षे. पुढे बस मलबार हिलवर चढते तेव्हा गाईड आवर्जून सांगतो की, या बागेच्या पोटात पाण्याची मोठी टाकी आहे, इथून शहराला पाणी जाते. पाण्याची ही दोन वाक्ये एका बसमध्ये, तासाभराच्या अंतराने, एकमेकांशेजारी ठेवता आली असती.

मरीन ड्राइव्हविषयी थोडे अधिक लिहिले पाहिजे. राणीचा रत्नहार म्हणून जो दाखविला जातो तो रस्ता समुद्र हटवून केलेल्या जमिनीवर आहे. बॅकबेच्या भरावाची मोठी योजना १९२० साली गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांनी स्थापलेल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने हाती घेतली. पैसा वाया गेला, खुर्शेद नरिमनांनी ते प्रकरण चव्हाट्यावर आणले, योजना अर्धवट राहिली. पण जेवढी जमीन मिळाली तिच्यावर पुढे गोल सज्ज्यांच्या इमारती उभ्या राहिल्या आणि २०१८ मध्ये त्या जागतिक वारशाच्या यादीत गेल्या. याच खात्याचे दुसरे काम म्हणजे बीडीडी चाळी. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून २०७ चाळी. प्रत्येकीत ८० खोल्या, खोली १६० चौरस फुटांची, संडास मजल्याच्या टोकाला सामाईक. पन्नास हजार खोल्या बांधायच्या होत्या, झाल्या साडेसोळा हजारांच्या आसपास. खर्चासाठी शहरात येणाऱ्या कापसाच्या गाठीमागे एक रुपया कर बसविला होता. एकाच खात्याच्या एका हाताने श्रीमंतांसाठी समुद्रकिनारा केला आणि दुसऱ्या हाताने कामगारांसाठी सिमेंटच्या कोठड्या. एक हात दाखविला जातो.

माझे आजोबा गोदीत हमाली करीत आणि नायगावच्या अशा एका खोलीत गावच्या नऊ माणसांबरोबर राहत. त्या खोल्यांतून तालमी निघाल्या, जलसे निघाले, वाचनालये निघाली. वरळीच्या चाळींत १९७४ च्या जानेवारीत दंगल झाली, आणि तिच्या निषेधाच्या मोर्चात १० जानेवारीला पँथर भागवत जाधव मारले गेले. आता या चाळी पाडून तिथे मनोरे उभे राहत आहेत. लोकांना मोठी घरे मिळत आहेत, ती मिळालीच पाहिजेत. खोलीच्या आठवणींत रमणाऱ्यांनी त्या सामाईक संडासापुढे पहाटे उभे राहून पाहावे. पण चाळ गेल्यावर तिचा इतिहास कुठे ठेवायचा याचे उत्तर अजून मिळालेले नाही.

मणिभवनात १९१७ ते १९३४ या काळात गांधीजी मुंबईत आले की उतरत. चरखा, ग्रंथालय, बाहुल्यांतून मांडलेले चरित्र, हे सर्व दाखविले जाते. १४ ऑगस्ट १९३१ रोजी याच घरात गांधीजी आणि बाबासाहेब पहिल्यांदा समोरासमोर बसले. बोलणे कडू झाले. आपल्याला मायभूमी आहे असे म्हणता येत नाही, हे बाबासाहेबांनी इथे ऐकविले. दुसऱ्याच दिवशी ते याच बंदरातून 'मुलतान' बोटीने गोलमेज परिषदेला निघाले. गांधीजी त्याच महिन्याच्या अखेरीस 'राजपुताना' बोटीने. बाबासाहेब हे अस्पृश्योद्धाराची कळकळ असलेले कुणी ब्राह्मण असावेत, असा तोवर गांधीजींचा समज होता, ही गोष्टही नोंदलेली आहे. पुणे कराराकडे जाणारी वाट या जिन्यावरून उतरते. या घराचे महत्त्व त्याने कमी होत नाही, वाढते.

राहता राहिला धोबीघाट. इथे मात्र श्रम दाखविला जातो, कारण तो पुलावरून दिसतो आणि त्याचा फोटो छान येतो. माणसाने पाण्यात उभे राहून दुसऱ्याचे कपडे आपटावे, आणि ते काम बापाकडून मुलाकडे जावे, याला गाईड 'परंपरा' म्हणतो. मागे गिरण्यांच्या जागी झालेले टॉवर दिसतात. त्या गिरण्यांतल्या साचेखात्यात अस्पृश्याला काम मिळत नसे, कारण धोट्यातून सूत तोंडाने ओढावे लागे आणि उष्टा धोटा सवर्ण विणकराला चालत नसे. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला होता. पुलावर बस पाच मिनिटे थांबते.

यावर नेहमीचे उत्तर असते की वेळ कमी आहे, अर्ध्या दिवसात किती दाखविणार? वर सांगितलेल्या जागा जवळजवळ साऱ्या ठरलेल्या वाटेवरच आहेत. बसला वळण घ्यावे लागत नाही. मी दुसऱ्या खेपेच्या गाईडला विचारले, तेव्हा तो म्हणाला, "सर, पार्टीला जे ऐकायचं असतं तेच आम्ही पाठ केलंय." माणूस सरळ होता. कौन्सिल हॉलचे त्याने लिहून घेतले.

अलीकडच्या वर्षांत पर्यटन खात्याने महापरिनिर्वाण दिनाच्या सुमारास बाबासाहेबांच्या वास्तूंची वेगळी सहल काढली. चैत्यभूमी, राजगृह, परळच्या बीआयटी चाळीतील खोली, सिद्धार्थ कॉलेज. त्याचे स्वागत आहे. पण तेवढ्यावर समाधान मानता येणार नाही. गावाची पाहणी वेगळी आणि वेशीबाहेरच्या वस्तीची पाहणी वेगळी, ही रीत आपल्या ओळखीची आहे. मुंबईच्या सहलीत मुंबई, आणि आंबेडकरांच्या सहलीत आंबेडकर, अशी वाटणी झाली की पहिल्या बसमधला माणूस जसा आला तसाच घरी जातो. शिवाय ६ डिसेंबरला दादरला उतरणारे लाखो लोक अशा सहलीची वाट पाहत थांबलेले नाहीत. विदर्भातून, मराठवाड्यातून आलेली आयाबाया चैत्यभूमीवर रांगेत उभ्या राहतात, शिवाजी पार्कात पुस्तके घेतात, चालत हिंदू कॉलनीत राजगृहाला जातात, आणि मग गेटवेही पाहून येतात. शहर पाहण्याची ही त्यांची रीत कित्येक वर्षांची आहे. आणि 'गर्दी', 'फुकटे', 'अस्वच्छता' या शब्दांत तिची बातमी होते.

आमच्या वर्गातल्या सहा मुलामुलींनी यंदा कौन्सिल हॉल, एल्फिन्स्टन, बुद्धभवन, हायकोर्ट, मरीन ड्राइव्ह आणि मणिभवन या सहा जागांसाठी गाईडला बसमध्ये बोलता येईल असा मजकूर तयार केला आहे. मराठीत आणि हिंदीत. घड्याळ लावून वाचला, सगळा मिळून नऊ मिनिटांचा होतो. खोतीचा भाग अजून लांब आहे, तो कापायचे काम चालू आहे.