वसईचा तह आणि दोन पुस्तके

भाईंदरहून उत्तनमार्गे चौकच्या धारावी किल्ल्यावर गेले की खाडीपलीकडे वसई दिसते. १७३९ च्या मोहिमेत चिमाजी आप्पांच्या सैन्याने हा टापू जिंकला. त्यावर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. मला मात्र त्याच्या दोनशे वर्षे आधीचा एक कागद अधिक छळतो : २३ डिसेंबर १५३४ चा वसईचा तह.

त्या सुमारास युरोपात राजधर्मावरची दोन पुस्तके छापून झालेली होती. इरॅस्मसने १५१६ मध्ये स्पेनच्या तरुण चार्ल्ससाठी ख्रिस्ती राजाच्या शिक्षणावर लिहिले. मॅकियाव्हेलीचे 'प्रिन्स' १५१३ चे. ते छापून आले १५३२ मध्ये, लेखकाच्या मृत्यूनंतर पाच वर्षांनी आणि तेही रोममध्ये, पोपच्या परवानगीने. दोघांचा उघड विरोध तहाच्या प्रश्नावर दिसतो. इरॅस्मसच्या मते सज्जन राजांमधल्या मैत्रीला कागदांची गरज नसावी. करारमदार वाढत चालले की अविश्वास वाढला असे समजावे. मॅकियाव्हेली सांगतो, दिलेला शब्द अंगाशी येत असेल तर राजाने तो पाळू नये. पाळतो आहे असे दिसले म्हणजे झाले.

वसईच्या तहाला ही दोन्ही मापे लावून पाहावीत. हुमायूनच्या धास्तीने गुजरातचा सुलतान बहादूरशाह अडचणीत सापडला होता. 'सान माथेउश' या पोर्तुगीज गलबतावर झालेल्या करारात त्याने वसई, तिची बेटे आणि समुद्र पोर्तुगालच्या राजाला दिला. तांबड्या समुद्राकडे जाणाऱ्या गुजराती जहाजांनी वसईतून परवाना घ्यायचा आणि परतताना तिथेच जकात भरायची, असे कलम होते. सुलतानाने आपल्या बंदरांत लढाऊ जहाजे बांधायची नाहीत, हेही ठरले. फेब्रुवारी १५३७ मध्ये दीवजवळ गव्हर्नर नूनो द कुन्याची त्याच्या जहाजावर भेट घेऊन परतताना बहादूरशाह मारला गेला. दगा कोणाचा, यावर पोर्तुगीज आणि फारसी बखरकार आजही एकमेकांकडे बोट दाखवतात. यासाठी त्या गलबतावर कोणी 'प्रिन्स' वाचलेले असण्याची गरज नव्हती.

मग इरॅस्मसची बाजू कुठे होती? ती होती, आणि थेट याच राजापुढे मांडलेली होती. १५२७ मध्ये त्याने संत क्रिसोस्टमच्या लेखनाची एक आवृत्ती पोर्तुगालच्या जुआंव तिसऱ्याला अर्पण केली. अर्पणपत्रिकेत राजाची स्तुती होतीच. पण मक्तेदारीमुळे दूरदेशीचा माल स्वस्त होण्याऐवजी महागच झाला, ही तक्रारही त्याने तिथेच घातली. अर्पणपत्रिका हे त्या काळी विद्वानांच्या चरितार्थाचे साधन असे, त्यामुळे त्याला बक्षिसाची अपेक्षा नव्हती असे मानणे भाबडेपणाचे होईल. लिस्बनहून काही आले नाही. पुढच्या आवृत्तीत इरॅस्मसने ती अर्पणपत्रिका काढून टाकली.

मानवतावादी एका तंबूत आणि व्यवहारवादी दुसऱ्या, ही पाठ्यपुस्तकी मांडणी मला फार सोयीची वाटते. दामियाँव द गोइश हा पोर्तुगीज विद्वान १५३४ मध्येच, म्हणजे तहाच्या वर्षी, काही महिने फ्रायबुर्गला इरॅस्मसच्या घरी पाहुणा होता. तरुणपणी त्याने अँटवर्पच्या पोर्तुगीज वखारीत नोकरी केलेली. हिंदुस्थानी मिरी विकली जाई ती हीच वखार. १५३९ मध्ये त्याने दीवच्या वेढ्यावर लॅटिनमध्ये पुस्तक काढले आणि मसाल्यांच्या मक्तेदारीवर टीका करणाऱ्या पाओलो जोव्हिओला उत्तर दिले. आरमाराचा आणि युद्धांचा खर्च त्याने पुढे केला. गुरूने केलेल्या तक्रारीला शिष्याने सुंदर लॅटिनमध्ये दिलेले हे उत्तरच म्हणायचे. राजाला मॅकियाव्हेलीपेक्षा असा शिष्य अधिक कामाचा होता, कारण त्याची भाषा ऐकून कोणाला लाज वाटत नसे.

राजाच्या तिजोरीबद्दल इरॅस्मस बोलला ते वाक्य मला त्याच्या सगळ्या राजनीतीपेक्षा मोलाचे वाटते. इतरत्र तो न्याय, दया, शांती सांगतो आणि त्यावर कोणताही राजा मान डोलावतो. इथे त्याने मिळकतीला हात घातला.

पुढे १५५९ मध्ये रोमच्या निषिद्ध ग्रंथांच्या यादीत इरॅस्मस आणि मॅकियाव्हेली दोघांचे सगळे लेखन एकत्रच गेले. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन बसले आणि वसईही त्याच्या कक्षेत आली. गोइशला लिस्बनमध्ये १५७१ साली अटक झाली. चौकशीत चाळीस वर्षांपूर्वी ल्यूथर आणि मेलँक्थॉन यांच्या घेतलेल्या भेटी उकरून काढण्यात आल्या. मक्तेदारीची केलेली वकिली त्याच्या कामी आली नाही.